मागच्या चाकाची हवा

मंगळवार, ११ मार्च

प्रिय ताई,

भावोजींना नमस्कार, पिल्लूला पापा, आणि तुझ्या सासूबाईंनी माझी चौकशी केलीच तर त्यांनाही नमस्कार.

काल दुपारी गेजचा काटा बेचाळीसवर थांबला आणि माझं सगळं बदललं. हे वाक्य लिहिल्यावर बराच वेळ नुसता बसून होतो. तुला त्यातलं काही कळायचं नाही, म्हणून आधी बाकीचं सांगतो.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर माझा आवाज चढतो, मग तुझा चढतो, मग तू रडतेस. पत्रात कुणाचा आवाज चढत नाही. काम ठीक चाललंय. दुकानाच्या वरची खोली अजून माझ्याकडेच आहे. खिडकीतून टायरांची चळत दिसते आणि रबराचा वास उशीलासुद्धा येतो. कॉलेजचा विषय काढू नकोस. मालकांशी बरं चाललंय, म्हणजे गेल्या महिन्यात मी एका गिऱ्हाइकाचं हेल्मेट रस्त्यात भिरकावलं तेवढं सोडून. त्याने आईवरून शिवी दिली होती. मालक म्हणाले, "पुढच्या वेळी तुलाच भिरकावीन. टायर मऊ करायला उन्हात ठेवायची गरजच नाही आपल्याला, तुझ्या डोक्यावर ठेवले की झालं." सगळे हसले. मीही हसलो.

तर काल एक दातांचा डॉक्टर आला. गाडी ती मोठी, लांबच्या प्रवासाची. उंच, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली. पडली तर एकट्याने उचलताना घाम फुटतो. त्याला टायरची नवी जोडी हवी होती. बोट भिंतीवरच्या चित्राकडे. बटण टायर. म्हणजे ज्याच्यावर रबराचे सुटे ठोकळे असतात तो. दिसायला झकास. मातीत, खडीत पकड चांगली. पण ओल्या डांबरावर, वळणात, एवढ्या वजनाखाली ते ठोकळे हलतात आणि ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त जागा घेते. दुसरा असतो रस्त्याचा, थोडा कच्चा रस्ताही निभावून नेणारा. दिसायला अगदीच साधा. त्याच्यासोबत कुणी फोटो काढत नाही.

आमच्याकडे पद्धत अशी, की टायर विकायच्या आधी गेज लावून जुन्या टायरची हवा मोजायची. गिऱ्हाईक काहीही सांगो, गाडी रोज कशी चालते ते हवेवरून कळतं. या गाडीला एकटा माणूस असेल तर मागच्या चाकात छत्तीस. मागे माणूस आणि सामान असेल तर बेचाळीस.

बेचाळीस होती.

मी विचारलं, "मागे कुणी बसतं का नेहमी?"

"नेहमीच," तो म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यापासून हवा कमी केलीच नाहीये."

त्याच्याबरोबर एक मुलगी होती. तिने बराच वेळ हेल्मेट काढलं नव्हतं.

मी म्हटलं, रस्ता कसा आहे? तो म्हणाला अर्धा-अर्धा. ती हेल्मेटच्या आतून म्हणाली, "अर्धा कुठला? सगळा घाटच तर आहे. शेवटी थोडी खडी." मी म्हटलं, मग रस्त्याचे घ्या. तो म्हणाला, "या गाडीला ते शोभत नाहीत हो." मालक लगेच मध्ये पडले, "साहेबांना हवेत तेच मागवू." ताई, मी भांडलो नाही, हातातलं गेज नीट जागेवर ठेवलं. तुला खरं वाटणार नाही.

जोडी यायला आठवडा लागेल. इकडे बाकी सगळं ठीक.

तुझा,
धाकटा

* * *

शुक्रवार, २१ मार्च

ताई,

तुझं पाकीट फोडलं तर आत एवढीच एक ओळ: "हेल्मेट काढल्यावर कोण निघालं?"

तीच.

तिने हेल्मेट काढलं, केस मागे केले, आणि जणू परवाच भेटलो होतो अशा आवाजात म्हणाली, "बरा आहेस?"

"आहे."

"आणि डोकं?"

"जागेवर आहे."

"बघू," ती म्हणाली आणि हसली. डॉक्टरने विचारलं, ओळखता तुम्ही? ती म्हणाली, "एका वर्गात होतो. मग हा निघून गेला."

झालं. एवढंच. मला वाटायचं, तिला असं कुणाबरोबर पाहिलं तर मी दुकान पेटवून देईन. पण काहीच झालं नाही. दाढ काढायच्या आधी सुई मारतात ना, तसं. गाल आपलाच असतो, हात लावून बघितला तर दुसऱ्याचा वाटतो. त्या दिवसापासून मी असाच आहे. जेवतो, झोपतो, पंक्चर काढतो.

हिवाळ्यात मी तिला भेटायला गेलो होतो, हे तुला सांगितलं नव्हतं. तिने चहा दिला. मी म्हटलं, मी वाट बघेन. ती म्हणाली, "मला थोडा वेळ दे." ते मी घट्ट धरून बसलो. तिने वेळ मागितला म्हणून मी दिला, सगळा दिला, आणि तिकडे काटा उन्हाळ्यापासून बेचाळीसवरच होता. ती खोटं बोलली असं मी म्हणत नाही. तिला स्पष्ट सांगवलं नसेल. माझ्यासमोर स्पष्ट कोण बोलतं? तूसुद्धा आधी दार उघडं आहे ना ते बघतेस.

आता आजचं.

काल टायर आले. आज सकाळी डॉक्टर गाडी घेऊन एकटाच आला आणि स्टुलावर बसला. मालक म्हणाले, "बटणवाले चढव, आणि तोंड बंद." मी मागचं चाक काढलं, जुना टायर उतरवला आणि उजेडात फिरवून बघितला. खरं सांगू? मी त्यात खोट शोधत होतो. करकचून ब्रेक मारणाऱ्याच्या टायरला एका जागी सपाट डाग पडतो. वळणात मस्ती करणाऱ्याच्या कडा फाटतात. हवेकडे लक्ष नसेल तर बाजूला चिरा पडतात. एक जरी डाग सापडला असता तर मी तो त्याच्या तोंडावर धरला असता. नोकरी गेली असती तरी चाललं असतं, मजा आली असती.

काही नव्हतं. मधोमध सारखा झिजलेला, कडा दोन्हीकडून सारख्या, एक चीर नाही. ताई, तो माणूस तिला फार जपून नेतो.

मी तो टायर खाली ठेवला आणि त्यावरच बसलो. शेजारी नवा बटणवाला, अजून अंगावरच्या बारीक रबरी केसांसकट. मालकांनी हाक मारली, "काय रे, मुहूर्त बघतोयस का?"

मी डॉक्टरला म्हटलं, "हे बसवू नका."

"पण मागवलेत ना?"

"मागवलेत. तुम्ही एकटे असता तर बसवले असते. घाटात पाऊस लागला तर हे वळणात ओझं नीट धरणार नाहीत. पुढचा माणूस हँडल धरून असतो, त्याला गाडी सरकलेली आधी कळते. मागे बसलेल्याला पडल्यावर कळतं."

आवाज चढला नाही. माझा मलाच ऐकू येत होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

मालक आले. "अरे, खास मागवलेत! ही जोडी आता काय मी गळ्यात घालून फिरू?"

डॉक्टर स्टुलावरून उठला. मग म्हणाला, "रस्त्याचे बसव."

"साहेब, तुम्ही याचं काय ऐकता..."

"नाही, तीच म्हणाली होती. माझ्या क्लिनिकच्या समोर टायरचं दुकान आहे, तरी तिने इथे आणलं. म्हणाली, तो भांडेल, अंगावर येईल, पण टायरच्या बाबतीत खोटं सांगणार नाही."

म्हणजे ती चुकून आली नव्हती. मला दाखवायलाही आली नव्हती. तिला मागे निर्धास्त बसायचं होतं, म्हणून माझ्याकडे आली. यावर रागवावं की काय करावं ते मला कळेना. अजून कळत नाही.

रस्त्याची जोडी दुकानात होतीच. मी चढवली. टायरवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना, दोनदा पाहिलं. हवा भरली. बेचाळीस. माझ्या हाताने.

डॉक्टर क्लिनिकला गेल्यावर मालक जवळ आले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "तू सांगितलंस ते बरोबर होतं. पण गिऱ्हाइकासमोर मला उताणं पाडलंस. दुकान माझं की तुझं? आजची गाडी पूर्ण कर, मग आपला रामराम." मी बरं म्हटलं. नोकरी गेली म्हणजे खोलीही गेली. पिशवी भरून झाली, फार काही नव्हतंच. या पत्राच्या मागोमाग तुझ्याकडे येतोय. प्रश्न हळूहळू विचार, सगळे एकदम नकोत. भावोजींना सांग, भांडणार नाही.

गाडीचं एक काम राहिलंय. नव्या टायरवर वरून तुळतुळीत थर असतो. तो घासून जाईपर्यंत चाक कधीही सटकतं, आणि तोवर मागे कुणी बसू नये. हे गिऱ्हाइकाला सांगून सोडून देतात, ते त्याचं त्याने बघायचं असतं. डॉक्टर जायला निघाला तेव्हाच मी विचारलं होतं, मी फिरवून आणू का? तो म्हणाला, आण. संध्याकाळी ती दोघं येतील, ती आल्याआल्या मागे बसेल, तिला धीर कुठला. ते यायच्या आत मला परत यायचंय.

किल्ली घेतली. मागची सीट मोकळी आहे. पत्र वाटेत पेटीत टाकतो. बाहेर पडून दार ओढून घेतो.

तुझा,
सावकाश गाडी चालवणारा भाऊ