शालवालीची कुंडी

प्रिय अक्का,

आज सकाळी तुझी शालवाली मी उकरून पाहिली. तेवढ्यात स्कॉटलंडहून मनीषाचा फोन आला आणि तुझ्या लेकीशी मी धडधडीत खोटं बोलले. तुला सांगितल्याशिवाय आज घास उतरायचा नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आठवतं, तीन वर्षांपूर्वी मनीषाने बियांची पुडी आणली होती? लेडीज मॅन्टल. तिच्या दाराशी म्हणे ते वर्षानुवर्षं टिकतं आणि पानांवर पाण्याचे थेंब मण्यांसारखे उभे राहतात. नावाचा अर्थ बाईची शाल, असं तिने सांगितलं मात्र, तू खो खो हसत सुटलीस. "मे महिनामा शाल पांघरनारी ही कोन वं?" तेव्हापासून ती शालवालीच झाली.

त्या हिवाळ्यात मी धुळ्याला आले होते. दही समजून तुझ्या फ्रिजमधला स्टीलचा डबा उघडला, तर आत ओली वाळू! मी ओरडले, तर तू माझ्यावरच डाफरलीस. "झाकन लाव आधी! या बियासले थंडी लागस. धुयामा बरफ कोठे शे? मंग फ्रिजमाच हिवाळा दखाडस तेसले." महिना-दीड महिना त्या डब्याला कुणाला हात लावू दिला नाहीस. किती हट्टी होतीस गं तू!

आणि ती उगवली. नखाएवढी पानं, त्यांना चुण्या पडलेल्या. तू ती कुंडी पूर्वेच्या भिंतीशी, माठाच्या तिवईखाली ठेवलीस. माठ पाझरेल तेवढाच ओलावा तिला. तरी मे महिन्यात पानं करपलीच. तू कात्री घेतलीस आणि सगळी पानं मुळापर्यंत छाटून टाकलीस. मी हळहळले, तर म्हणालीस, "मरेल नही शे ते, झोपेल शे. आते पानी नको देऊ तिले." आणि पावसात ती खरंच परत फुटली.

मनीषाची बाग जानेवारीत बर्फाखाली गेली की ती फोनवर रडवेली व्हायची, तेव्हा तिलाही तू हेच ऐकवायचीस. तिकडची झाडं थंडीत निजतात, आपल्याकडची उन्हात. तुझ्या अंगणातली पावसाळी लिली, निशिगंध, हळद, सगळी दर वर्षी मातीखाली गडप व्हायची आणि तू निवांत त्यावर पाय पसरून पापड वाळत घालायचीस. दिसत नाही त्याच्यावर एवढा भरवसा मला कधी ठेवता आला नाही.

यंदा एप्रिलमध्ये तू फोन केलास. "कव्हय येशी वं?" कधी येशील, एवढंच विचारलंस. आवाज बारीक वाटला होता मला, खोटं कशाला सांगू? पण मी म्हटलं, "ऊन उतरू दे, मंग येसू." जळगाव ते धुळे, अडीच तासांची एसटी! तुला बरं वाटत नव्हतं तर तसं सांगायचं ना! नेहमी आम्हीच का ओळखायचं?

त्या फोननंतर बाराव्या दिवशी तू गेलीस. तुझ्या तोंडात पाणी घातलं ते शेजारच्या काकूंनी. मी पोचले तेव्हा तुझे ओठ कोरडे झाले होते. तेवढं एक मला दिसत राहतं, अक्का.

तुझी लिली आणि निशिगंधाचे कंद मी पिशवीत भरून आणले. शालवालीची कुंडी मात्र जळगावला, मेहरूणमधल्या माझ्या घरापर्यंत मांडीवर घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, "ताई, खाली ठेवा की." नाही ठेवली. मनीषा दिवाळीत येणार, तिच्या हातात आईची ही एक जिवंत वस्तू द्यायची, असं मी ठरवलं होतं.

मे महिन्यात पानं करपली, तशी मीही तुझ्यासारखीच छाटली. पण पुढे मला राहवेना. सकाळी दोन तांबे, संध्याकाळी दोन तांबे पाणी घालायला लागले. वरून ओलं गोणपाट. तुझं बजावणं मला पाठ होतं, तरीही घालत होते. तुला शेवटचं पाणी द्यायला मी नव्हते ना! ते सगळं पाणी मी तुलाच पाजत होते. झाडाची तहान मी कधी बघितलीच नाही.

आता पाऊस चांगला झालाय. तुझी लिली फुलली, निशिगंध वर आला, हळदीची पानं हातभर झाली. शालवालीची कुंडी तेवढी गप्प. आज खुरप्याने माती सारली, तर मूळ बोटात विरघळलं. काळं, कुजलेलं. वासही येत होता.

आणि नेमका मनीषाचा फोन! "मावशी, शालवाली उगवली का?" मी म्हटलं, "नाही गं अजून." खुरपं हातातच होतं. तर ती पोरगी, तिकडे गेल्यापासून बारा वर्षांत जिच्या तोंडून अहिराणीचा एक शब्द नीट आला नाही, ती काय म्हणाली? "काळजी नको करू मावशी. मरेल नही शे ते, झोपेल शे." अगदी तुझ्यासारखं हेल काढून. मी हो म्हटलं आणि फोन ठेवून दिला. मग खूप रडले.

तुझ्या कपाटातली उरलेल्या बियांची पुडी माझ्याकडे आहे. त्यातून उगवेलही काही, पण तुझ्या हातचं गेलं ते गेलं. ते मी मारलं. मला माफ करशील?

तुला शब्द देते, अक्का. मनीषा आली की रिकामी कुंडी तिच्यापुढे ठेवीन आणि जे झालं ते खरं सांगेन. फ्रिजमधला तो ओल्या वाळूचा डबा, उरलेल्या बिया घालून, तिच्याच हाताने भरून घेईन. आणि तिने कधी "कव्हय येशी" विचारलं, तर त्याच दिवशी पिशवी भरीन.

आज बाहेर आभाळ आहे, वारा गार आहे. धुळ्याची एसटी आत्ताच स्टँडवर लागली असेल. ऊन उतरलंय, अक्का.

तुझी धाकटी,
सुमन