लाँड्री सुटल्यावर

६ जानेवारी

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेलं घड्याळ मिळालं. आता माझ्या दोन्ही मनगटांवर एकेक आहे. डावं आपल्या वेळेचं, उजवं समुद्रापलीकडच्या दोस्तांच्या वेळेचं. हॉस्टेलवर सगळ्या हसतात. हसू देत.

मागे लिहिलं होतं ना, आमच्या मेडिकल कॉलेजच्या आणि तिकडच्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी मिळून मोठ्या लाँड्रीमागच्या वस्तीत मोफत दवाखाना काढलाय? तो सुरू झाला. दर शनिवारी, भर दुपारी. वेळ ठरवता ठरवता मीटिंगांवर मीटिंगा झाल्या. आमची दुपार म्हणजे तिकडे रात्रीची जेवणं उरकून निवांत बसायची वेळ. ते स्क्रीनवरून बघतात, त्यांचे शिक्षक आमच्या डॉक्टरबाईंशी चर्चा करतात. सगळ्यांची सोय झाली. फक्त पेशंट येत नाहीत! परवा एक आजोबा आले, ते पंख्याखाली बसायला.

डॉक्टरबाई म्हणतात, असंच चाललं तर वस्तीतल्या शाळेने दिलेली खोली परत द्यावी लागेल. त्यात पुढच्या महिन्यात आमच्या गटाच्या प्रमुखाची निवडणूक. मामा, खरं सांगू? मला प्रमुख व्हायचंय. अगदी मनापासून. आईला बोलू नका, ती लगेच अभ्यासावरून सुरू होईल.

माया आहे तशीच ठेवा.
तुमची,
दोन घड्याळांची भाची

१५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून पोट धरून हसलो. पेशंटची वाट बघणारे डॉक्टर पहिल्यांदाच ऐकले. आमच्या वेळी डॉक्टरांची वाट बघता बघता माणूस बरा होऊन घरी जायचा.

तुमची पाटी लहान असणार. मोठी लाव, लाल अक्षरांची. लोकांना कळतच नाही, दुसरं काय! माझ्या दुकानाचंही तेच. समोर एवढं मोठं ऑफिस, पण एक माणूस घड्याळ दुरुस्तीला आणेल तर शपथ. लोकांना वेळेची कदरच राहिली नाही. मी आपला दुपारी दुकान बंद करतो, जेवून तासभर आडवा होतो, म्हणजे डोकं शांत राहतं.

प्रमुख हो किंवा नको होऊस, पण वेळेवर जेवत जा. मामी विचारतेय, खोकला गेला का? तुझ्या आईला काही सांगत नाही. तिच्यापुढे तोंड उघडायची माझी तरी कुठे छाती आहे!

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
मामा

२७ जानेवारी

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

पाटी लावली. लाल अक्षरं, बाणासकट. कोणी फिरकलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी विसरलेला कोट आणायला गेले, तर दवाखान्याच्या पायरीवर एक बाई बसलेल्या. लाँड्रीत इस्त्री करतात. हात फडक्यात गुंडाळलेला. वाफेने भाजलेला, आता चांगलाच चिघळलेला. याआधीही येऊन गेल्या होत्या म्हणे, दर वेळी कुलूप. मी मोठ्या तोऱ्यात शनिवार दुपारची वेळ सांगितली. त्यावर त्या म्हणाल्या की दुपारी त्या आमच्याच हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करत असतात, आणि दांडी मारली तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरी बाई उभी असेल.

मामा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन देशांची घड्याळं जुळवली आम्ही, पण ज्यांच्यासाठी दवाखाना काढला त्या कामावरून सुटतात कधी, हे विचारायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही! डॉक्टरबाईंना फोन करून बोलावलं. त्यांनी हात बघितला, मी पट्टी बांधली.

रविवारी मी मांडणार आहे की दवाखाना संध्याकाळी ठेवायचा, लाँड्री सुटल्यावर. म्हणजे तिकडे भली पहाट. निवडणुकीतली अर्धी मतं तिकडची आहेत. माझ्याविरुद्ध उभा असलेला मुलगा, ज्याला आम्ही चिडवून प्रोफेसरसाहेब म्हणतो, तिकडच्यांना आत्तापासून सांगत सुटलाय की तो निवडून आला तर वेळ बदलणार नाही. माझं प्रमुखपद गेल्यातच जमा. तरी मांडणार.

आणि मामा, रागावू नका हं, तुमच्या समोरच्या ऑफिसला जेवणाची सुट्टी कधी असते हो?

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
तुमची भाची

३१ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक गालगुच्चा.

तुझी ती शेवटची ओळ मामीने मोठ्याने वाचली आणि तेव्हापासून ती हसतेच आहे. कित्येक वर्षं ती मला हेच सांगत होती म्हणे. मला काही आठवत नाही. बहुतेक तेव्हा मी झोपलेला असेन.

कालपासून दुपारी दुकान उघडं ठेवलं. ऑफिसातली माणसं आली की गं! एका साहेबांनी विचारलं, दुकान नवीन निघालंय का. जांभया देत देत त्यांच्या घड्याळाचा पट्टा बसवला.

तू मांडच. हरलीस तर सरळ इकडे ये, मामी लाड करेल. पण गप्प बसून जिंकलीस तर मात्र मला तोंड दाखवू नकोस. तुझ्यावर जीव आहे म्हणून लिहितो.

न झोपलेला,
मामा

२० फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

मांडलं. लगेच स्क्रीनवर तिकडून कुणीतरी म्हणालं, इतक्या पहाटे उठणं कसं जमणार. मी बाईंच्या हाताबद्दल सांगितलं. त्यावर तिकडची एक मुलगी, एरवी जिच्या तोंडून शब्द निघत नाही, म्हणाली की तिची आई ऑफिसं झाडायला रोज त्याच वेळेला उठते. आठवड्यातून एकदा आपण उठलो तर काही बिघडत नाही.

पहिल्या शनिवारी संध्याकाळी रांग पार रस्त्यापर्यंत! तिकडचे सगळे ब्लँकेटं पांघरून, डोळे चोळत हजर. खोली आता आमच्याकडेच राहणार. बाईंच्या हाताची जखमही भरत आलीय.

आणि मामा, मी प्रमुख झाले! प्रोफेसरसाहेबांनी अभिनंदनही केलं, तोंड कडू करून का होईना.

लगेच इस्त्रीवाल्या बाईंना आणि त्यांच्या मैत्रिणीला गटात घेतलं, नुसतं बसायला नाही, मत द्यायला. मग मोठ्या हौसेने ठराव मांडला की शनिवार संध्याकाळ कायमची ठरवू या. बाई म्हणाल्या, नको. शनिवारी चादरींचा डोंगर असतो, रांगेत बायका उभ्या उभ्या पेंगत होत्या. बुधवार ठेवा. मी तावातावाने माझी बाजू लढवली. मतं घेतली. ब्लँकेटातून एकेक हात वर आला, सगळे बाईंच्या बाजूने. प्रमुख झाल्यावरचं पहिलंच मतदान मी सपाटून हरले! इतका आनंद मला निवडून आल्यावरही झाला नव्हता.

तुमचं घड्याळ मी बाईंना देऊन टाकलं. बऱ्या हातावर घातलंय त्यांनी. मीटिंगची वेळ आता त्याच सांगतात.

मामीला नमस्कार. तुमच्या या हरलेल्या प्रमुखावर माया असू द्या.
तुमचीच,
एका घड्याळाची भाची