तीन राजांचा रोस्का आणि इत्सेलची वाचा

ओफेलिये, सगळ्यात आधी आली ती शेजारची कूका, आणि तीही बोलावल्या वेळेच्या तासभर आधी, केसांत रोलर तसेच. "काही मदत हवी का" असं दारात म्हणाली आणि आत येऊन कशाला हात न लावता रोस्का, राजांचा तो गोड पाव, केवढा आणलाय ते खोक्याचं झाकण उचलून बघून घेतलं. (तुझी विचारपूस राहिलीच की. गुडघे कसे आहेत? स्टॉकटनला धुकं फार असेल. इथे फ्रेस्नोत अंगणातलं संत्र्याचं झाड दिसेनासं झालंय. थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे, भाऊजींना नमस्कार सांग, आणि फोन सोडून पत्र का, असं विचारू नकोस. फोनवर तू मध्येमध्ये बोलतेस. कागदावर तुला बोलता येत नाही. अक्षर गोड मानून घे, दोन इयत्तांत जेवढं आलं तेवढंच आहे.)

तर येशूबाळाला बघायला आलेल्या तीन राजांच्या सणाचा हा घाट घातला ब्रेंडाने. माझी सून गुणाची आहे, तुला माहीत आहे. खोड एकच, पोराला दोन भाषा यायच्या तर त्याला शास्त्र लागतं असं तिला कुणीतरी सांगून ठेवलंय. तिच्या आईला शाळेत स्पॅनिश बोलली म्हणून कोपऱ्यात उभं करायचे, म्हणून त्या माउलीने लेकीशी कधी स्पॅनिशचा शब्द काढला नाही. आता ब्रेंडा माझ्याशी बोलताना घेवड्यातले खडे वेचावे तसे एकेक शब्द वेचते. माझ्या नातीचं, इत्सेलचं, तसं होऊ नये म्हणून घरभर पुस्तकं, एका पानावर आपली भाषा, समोरच्या पानावर इंग्रजी. सकाळी अंक मोजायची गाणी, संध्याकाळी रंगांची गाणी. दारावर 'दार' अशी चिठ्ठी चिकटवलीय आणि खुर्चीवर 'खुर्ची'. (माझा लेक एवारिस्तो ट्रक घेऊन आठ-आठ दिवसांनी घरी येतो. परवा म्हणाला, माझ्या कपाळावरपण लाव, नाहीतर विसराल.) आणि आमची इत्सेल? सहा वर्षांची झाली, सगळं समजतं, पण मी स्पॅनिशमध्ये विचारलं की उत्तर इंग्रजीत. माझ्या रेडिओवरची बाईच्या नावाने रडणाऱ्या दारुड्यांची गाणी मात्र डोळे मिटून म्हणते, एक शब्द चुकत नाही. पण गाणं चालत नाही म्हणे, बोलावं लागतं.

कुणाला चालत नाही, तर शाळेला. शाळेत एक वर्ग आहे, अर्धा दिवस स्पॅनिशमध्ये भरतो. त्यात एकच जागा रिकामी झाली. त्या वर्गाच्या लेदेस्माबाईंनी इत्सेलला दोनदा समोर बसवून गोडीगुलाबीने विचारलं, पोरगी आपली बुटाच्या नाड्या बघत बसली. बाई भल्या. म्हणाल्या, सणाला मीच घरी येते, घरात बोलते का बघू, नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल. तेव्हापासून ब्रेंडाने नखं खाऊन संपवली. माझं म्हणशील तर मला एकच घोर. मी गेल्यावर ही पोर माझ्या गोष्टी कुठल्या भाषेत सांगणार? इंग्रजीत सांगितल्या तर वर बसून मला काही कळायच्या नाहीत.

बाई आल्या, ब्रेंडाच्या ओळखीच्या दोघी-तिघी आया पोरं घेऊन आल्या. ब्रेंडाने जाहीर केलं की आज या घरात फक्त स्पॅनिश. झालं, सगळी पोरं मुकी. सोफ्यावर ओळीने बसली, दातांच्या डॉक्टरकडे बसतात तशी. एकटी कूका बोलत होती, तिच्या पित्ताबद्दल. मग ब्रेंडाने घाबरून माझ्या हातात पुस्तक दिलं, वाचा म्हणाली. आता तुला ठाऊक आहे, मला दुकानाच्या पाट्या वाचता येतात, बारीक अक्षरं माझ्यापुढे पोहायला लागतात. चित्रात टोपली घेतलेला ससा होता. मी सांगितलं, हा निघालाय सासुरवाडीला, टोपलीत कोंबडी आहे, कारण मागल्या वेळी सासू रुसली होती. पोरं अशी ऐकायला लागली म्हणतेस. एवढ्यात समोरचं इंग्रजी पान वाचता येणारा एक शहाणा निघाला, म्हणे ससा शाळेत चाललाय. मी म्हटलं, जाईल ना शाळेत, आधी सासूची समजूत तर काढू दे. त्यावरून पोरांत दोन तट पडले आणि भांडण जुंपलं, सगळं इंग्रजीत. ब्रेंडाचा चेहरा पांढराफटक.

म्हणून मी घाईघाईने रोस्का कापायला लावला. कूका आपल्या तुकड्याकडे संशयाने बघत होती. पावात लपवलेलं प्लॅस्टिकचं बाळ आपल्या तुकड्यात निघालं तर फेब्रुवारीतल्या कॅन्डेलारियाच्या सणाला सगळ्यांना मक्याच्या पिठाचे तमाले करून घालावे लागतील ना, आणि ती बाई पाहुण्यांना पाणी देतानाही ग्लास अर्धाच भरते. पण कट्ट करून वाजलं ते माझ्या दाताखाली. ओफेलिये, ते इवलंसं बाळ जिभेला लागलं आणि माझ्या डोळ्यांपुढे ही सगळी माणसं तमाल्यांना बसलेली उभी राहिली. माझी बोटं सांधेदुखीने आखडलेली, एवढे तमाले करणार कोण? मग आपले बाबा दरवर्षी करायचे तेच मी केलं. बाळ गालात सारलं.

रोस्का संपला, बाळ नाही. कूका बेकरीवाल्याला नावं ठेवायला लागली, ब्रेंडा चुरा चाळायला लागली. मी गप्प. तिथेच फसले. या घरात मी गप्प बसले की लोक ताप बघतात. इत्सेल उठली, कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि चक्क स्पॅनिशमध्ये, खणखणीत आवाजात म्हणाली,

"आजी, तोंड उघड. उघड म्हणते ना! गालात बाळ घालून बसलीस आणि वर साळसूद चेहरा करतेस? चार माणसांत मान खाली घालायला लावलीस मला."

शब्द न् शब्द माझा. ती चॉकलेट लपवते तेव्हा मी हेच म्हणते. मी आनंदाने "देवा रे" म्हणायला गेले आणि बाळ माझ्याच कपात पडलं. लेदेस्माबाईंनी हसू आवरत तिला विचारलं, आता आजीला शिक्षा काय? तर म्हणते, "तमाले. लाल, हिरवे, आणि मनुका घातलेले गोडसुद्धा. आणि तिनेच करायचे, विकतचे नाहीत." बाई म्हणाल्या, सोमवारपासून ये माझ्या वर्गात. सगळे गेल्यावर ब्रेंडा माझ्या गळ्यात पडून रडली आणि खडे न वेचता म्हणाली, "सासूबाई, मलापण असंच रागवा ना." तेव्हापासून रोज सकाळी तिला रागावते. फार जड जातं बाई, कारणच सापडत नाही. काल मीठ बरोबर पडलं म्हणून रागावले.

तुझी थोरली,
तोमासा

ता. क. पत्राचं खरं कारण हे की माझ्या बोटांनी एवढे तमाले व्हायचे नाहीत, आणि तुझ्या हातचे माझ्यापेक्षा बरे होतात, हे मी फक्त इथेच लिहितेय. दोन दिवस आधी बसने ये. गुडघे दाखवायला आले असं सांग. इत्सेल शाळेत गेली की आपण दार लावून करू.

ता. क. दुसरं. इत्सेल अजून स्पॅनिश बोलते ती फक्त मला रागावताना. मी रोज काही ना काही चुकते.

ता. क. शेवटचं. डुकराची चरबी तिकडूनच आण, आणि तमाले गुंडाळायला कणसाची सालं जास्तीची. कूका म्हणते तिच्या बहिणीलाही आणणार. लेदेस्माबाई, सगळ्या आया, पोरं, सगळ्यांनी यायचं कबूल केलंय, दोन फेब्रुवारीला, शाळा सुटल्यावर.