कोऱ्याच्या अलीकडे

सोमवार, ता. ३

कोरं पुन्हा पुढे सरकलं. मोठ्या साहेबांनी सकाळीच बोलावून घेतलं. टेबलावर उत्तरेच्या नकाशाचा कागद पसरलेला आणि त्यावर पेन्सिलीची ताजी रेघ — थेट नदीच्या काठाने. म्हणाले, "पंडित, यंदा पलीकडचं सोडायचं. तेवढं राखायला माणसं नाहीत. साखळीवाला दगड रोवून आला की तुम्ही शाई भरा."

नदीपलीकडे एकच गाव उरलंय. तिथल्या शाळेत माझी चिमी शिकवते. साहेबांना हे ठाऊक आहे. बोलताना ते सारखे खिडकीकडे बघत होते.

पेन्सिलीला जमीन जुमानत नाही. शाई वाळली की मात्र मुकाट ऐकते. रेघेच्या आतलं राहतं, बाहेरचं कोरं होतं. झाड नाही, आवाज नाही, नुसतं पांढरं. आजवर दुसऱ्यांच्या गावांवर रेघा ओढल्या तेव्हा माझा हात कधी थरथरला नाही. वर त्या कोऱ्यात बुडालेल्या गावांवर ग्रंथ लिहितो, म्हणून कचेरीत पंडित म्हणवून घेतो. मोठा शहाणा!

मंगळवार, ता. ४

साखळीवाला निघाला. नव्या हद्दीचे दगड रोवायचे, गावाला निघायला सांगायचं, ही त्याची कामं. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. म्हटलं, चिमीला सांग, बापाची शपथ आहे, असशील तशी निघ.

मोजणीची साखळी खांद्यावर टाकत तो म्हणाला, "सांगतो. पण लेक तुमच्यावर गेलीय. ऐकेल असं काही वाटत नाही."

मलाही वाटत नाही. मागे बोलावलं होतं तेव्हा म्हणाली होती, "बाबा, पोरांना टाकून कशी येऊ?" तिच्याशी बोलायला बसावं तर पोरांशिवाय विषय नाही. कोणाचा दात पडला, कोण पाढे चुकलं.

घरी हिला अजून सांगितलेलं नाही.

बुधवार, ता. ५

हिला कळलं. कचेरीतल्या गोष्टी बाजारात आधी पोचतात.

रडली नाही. भांडी घासत राहिली. एकच पातेलं कितीदा घासलं कोण जाणे. मग म्हणाली, "रेघ तुम्हीच मारणार?"

हो म्हटलं.

"मग तुमच्याच हातात आहे की."

माझ्या हातात काय आहे? एक लेखणी. दिवसभर तिच्याकडे बघत बसलो.

गुरुवार, ता. ६

केलं.

दुपारी कचेरीतले सगळे डबे घेऊन अंगणात गेल्यावर उत्तरेचा कागद काढला. शाळेमागचं चिमीचं घर पातळ कागदावर उतरवून घेतलं. मग शहराचा कागद पसरला. आमच्या घरामागे मोकळी जागा आहे, तिथे ते घर गिरवलं आणि वर शाई फिरवली. एक वस्तू नकाशावर दोन ठिकाणी असू शकत नाही — कचेरीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात. म्हणजे इथे काढलं की तिथून सुटून यायला हवं. घर आणि घरातलं माणूस.

हुकमाविना शाई लावली तर लेखणी कायमची काढून घेतात. घेऊ देत.

शुक्रवार, ता. ७

आली!! चिमी आली!

सकाळी मागचं दार उघडलं तर समोर भिंत. तिच्या घराची, निळ्या चुन्याची. ही अनवाणीच धावली. चिमी पायरीवर उभी होती, झोपेतून नुकती उठल्यासारखी. कशी आलीस म्हटलं तर म्हणाली, "काय माहीत. डोळे उघडले तर इथे." मायलेकी गळ्यात पडून रडल्या. मीही रडलो, लपवत कशाला.

शेजारचा शिंपी कुंपणावरून बघत होता. म्हणतो, "एका रात्रीत बांधलंत? गवंड्याचा पत्ता द्या की." हसलो आणि आत आलो.

शनिवार, ता. ८

चिमी सारखी आपटते. आमच्या घरात लहानाची मोठी झाली, पण स्वयंपाकघरात जायचं म्हणून उठते आणि कोठीत शिरते. "आई, तुम्ही खोल्या कधी बदलल्या?" विचारत होती. कडी काढायला हात दाराच्या बिजागरीकडे जातो.

प्रवासाचा शीण असेल, असं ही म्हणाली. कसला प्रवास?

सोमवार, ता. १०

आज तिला माझ्या ग्रंथाची पानं वाचायला दिली. हुशार पोर, नेहमी माझ्या चुका काढते. बराच वेळ पान हातात धरून बसली. मग उठली, आरशासमोर गेली, पान आरशाला दाखवलं आणि घडाघडा वाचायला लागली.

मी उठून तिच्याजवळ गेलो. तिच्या गालावरचा तीळ बघितला. डावीकडे होता. आता उजवीकडे आहे.

काय झालं ते कळलंय. पातळ कागद मी उलटा ठेवला. घाईत कोपऱ्यातली खूण बघितलीच नाही. नव्या नक्कलकारांना मी याच चुकीवरून फाडून खातो. आणि स्वतःची मुलगी उलटी उतरवून ठेवली!

मंगळवार, ता. ११

सकाळी ही मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, तिला जवळ घेतलं ना, की ठोके दुसऱ्या बाजूला लागतात."

मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उलटी तर उलटी. आपली आहे ना?" आणि तिचं ताट वाढायला गेली. चिमी जेवत नाही. चावते, गिळते, पण कशालाच चव लागत नाही म्हणते.

बुधवार, ता. १२

एक गोष्ट दिवसभर डोक्यातून जात नाही. आल्यापासून चिमीने पोरांचं नाव काढलेलं नाही. शेवटी मीच विचारलं, शाळेचं काय गं?

"कुठली शाळा?"

खोटं बोलत नव्हती. आठवायचा प्रयत्न करत होती, माझ्यासाठी, पाहुण्याचं मन राखावं तसा. मी घर तेवढं उतरवलं होतं. शाळा उतरवलीच नव्हती.

मला तिची भीती वाटली. बापाला असं वाटू नये, पण वाटली.

गुरुवार, ता. १३

साहेब सकाळीच माझ्या टेबलापाशी येऊन उभे. वरून तपासणी येतेय, आजच शाई हवी. साखळीवाला अजून परतला नव्हता. तो आल्याशिवाय हद्दीला शाई लावायची नाही हा आमचा नियम. एरवी मी नियमावर अडून बसलो असतो, आवाज चढवला असता. साहेबांनीही तशी तयारी ठेवली असावी.

मी एवढंच विचारलं, "गाव रिकामं झालं?"

"झालं असेल."

झालं असेल! माझं माणूस अलीकडे होतं. शिवाय पलीकडे आता काही उरलेलंच नसणार, निदान तिचं घर तरी, असं मनाला समजावलं. लेखणी बुडवली आणि रेघ ओढली. हात थरथरला नाही. दुपारपर्यंत शाई वाळली.

शुक्रवार, ता. १४

साहेबांनी सगळ्यांदेखत कौतुक केलं. घरी आलो. चिमी पायरीवर बसली होती. शेजारी बसायला जमलं नाही.

रविवार, ता. १६

साखळीवाला परतला. कचेरीत न जाता थेट घरी आला. पाणी दिलं तर घेतलं नाही. म्हणाला, "लेकीनं ऐकलं हो तुमचं. सगळी पोरं नावेनं अलीकडे पोचवली, स्वतः मागे राहून. गुरुवारी दुपारी शेवटची खेप तिची होती. मी या काठावर उभा होतो. ती तिकडून हात हलवत होती."

उलटं काढलेलं ते दुसरंच घर ठरलं; तिथलं सुटून आलंच नव्हतं, आणि त्याच दुपारी माझी शाई वाळली. मागच्या दारातून त्याला अंगण दिसत होतं. चिमी कपडे वाळत घालत होती. तो उभा राहिला.

"पंडित, ही कोण?"

मी पाण्याचा तांब्या उचलला. आतून हीच म्हणाली, "आमची चिमी. आणखी कोण?"