उसवलेली निम्मी वेल

३ जून

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

सोबतचं पुडकं उघडून घाबरू नकोस. आमच्या नाटक कंपनीत सव्वाशे वर्षांपूर्वीच्या काळातलं नाटक बसतंय आणि नायिकेचा एडवर्डियन, म्हणजे तेव्हाच्या मडमांच्या पद्धतीचा गाऊन शिवायचं काम माझ्याकडे आलंय. शेजारणीला वाटलं, घरात घालायचा गाऊन आहे; तिच्यासाठीही एक शिव म्हणाली. हा तर गळ्यापर्यंत बंद, कमरेत आवळलेला, आणि मागे चार हात जमिनीवर लोळणारा घोळ. तो घोळच तुला पाठवलाय. त्यावर लिलीची वेल छापली आहे. तुझ्यासारखा भरीव टाका मला या जन्मी जमायचा नाही, हे फक्त पत्रातच कबूल करते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत हवा.

भाचीला आशीर्वाद. कळावे,
ताई

१२ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

घोळ पाठवतेय. घरात फार काम आहे म्हणून पत्र लेकीकडून लिहून घेतलंय. इकडे सगळं ठीक. कसा झालाय ते मात्र नक्की लिही.

लोभ असू दे.
धाकटी

२१ ऑगस्ट

चि. धाकटीस, अ. आ.

घोळ टेबलावर पसरला आणि खरं सांगते, माझं डोकं फिरलं. पहिल्या दोन हात लांबीतल्या लिली अशा, की बोट फिरवत राहावं. पुढे मात्र टाके लांब, सैल, कुठे रेषेबाहेर; एका पाकळीखाली तर दोऱ्याचा नुसता गुंता. कंटाळा आला होता तर तसं कळवायचं. की दुसऱ्या कुणाच्या हाती सुई दिलीस? दिग्दर्शकाला मी तुझं नाव मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. तेवढा भाग उसवला आणि चार दिवस बसून मीच भरला. तुझ्या हातचं असं काम मी कधी पाहिलं नव्हतं. असो.

ताई

२६ ऑगस्ट

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

हे पत्र आईला चोरून लिहितेय. जूनच्या अखेरीला आईला अर्धांगाचा झटका आला. निम्मी वेल भरून झाली होती, सुई हातातच होती. आता ती चालते, बोलते, पण उजवा हात उचलला जात नाही. तुला कळवू दिलं नाही; म्हणाली, ताई घोळ परत मागवेल. दवाखान्यातून आल्यावर आठच दिवसांत तिने भरतकामाची रिंग टेबलाच्या कडेला घट्ट बांधून घेतली आणि डाव्या हाताने भरायला बसली. दिवसाला एखादी पाकळी व्हायची. मला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही करू दिलं नाही. तुझं पत्र तिने दोनदा वाचलं आणि घडी घालून दोऱ्यांच्या डब्यात ठेवलं.

तुझी भाची

९ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हे पत्र डाव्या हाताने लिहितेय, लिहायला घेऊन आज चौथा दिवस आहे. अक्षराला हसलीस तरी चालेल.

तुझं माफीचं पत्र मिळालं. सहा पानं जरा जास्तच झाली. लेकीला मी रागावले नाही.

झटका आल्यापासून इथे माझ्याशी कुणी खरं बोलत नाही. उठून उभी राहिले तरी छान, पेला सांडला तरी छान. ते टाके पाहूनही सगळे छानच म्हणाले, आणि ते वाईट आहेत हे मला ढळढळीत दिसत होतं. तुझं पत्र वाचून लागलं, नाही कशाला म्हणू. पण दुसऱ्या दिवशी वाटलं, एक तरी माणूस अजून मला भरतकाम करणारी समजून भांडतंय.

माझे टाके होते तसे परत घालायचं जे खूळ पत्रात लिहिलंस, ते डोक्यातून काढ. तू भरलंस तेच राहू दे. लोकांनी गाऊन बघावा, माझं दुखणं नको. प्रयोग उरकले की ये. पण माझी सेवा करायला येणार असशील तर येऊ नकोस.

जुन्या अभ्र्यावर एक लिली भरली आहे, ती सोबत आहे. चष्मा लाव आणि वाईट ते उसव. किती टाके ठेवलेस, तेवढं कळव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी