शिक्षणप्रेमी सदस्य

१५ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. सकाळी ९.४०

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. पुढे उपयोगी पडेल. झेंडावंदनानंतर आणि जिलेबीच्या आधी, आमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर 'शिक्षणप्रेमी सदस्य' म्हणून सूर्यभानची निवड झाली. एकमताने. सूर्यभान एसटी स्टँडवर चहाचं हॉटेल चालवतो. शिक्षण आठवी. मी पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या साडीत, आभाराचं छोटंसं भाषण पाठ करून बसले होते. शेवटचं वाक्य इंग्लिशमध्ये होतं.

मी हात वर केला नाही. तरी एकमत!

हैदराबादचं कॉन्व्हेंट. मग परभणीच्या ऑफिसात सुपरिंटेंडेंट. माझी चप्पल वाजली की क्लार्क लोक पेपर ड्रॉवरमध्ये ढकलायचे. आणि शिक्षणावर प्रेम कोणाचं, तर सूर्यभानचं.

जिलेबी तिथे खाल्ली नाही. घरी आणून खाल्ली.

१६ ऑगस्ट

संकल्प: त्या शाळेत पुन्हा पाऊल टाकणार नाही.

१८ ऑगस्ट

शाळेत गेले. फक्त निषेध नोंदवायला. मुख्याध्यापक आदिनाथ सर उभे राहिले, खुर्ची पुसून दिली. म्हणाले, तीस तारखेला पालकसभा आहे, शाळा सुधारायला गावाकडून कल्पना मागवल्यात, मॅडम तुम्ही नक्की या. 'नक्की'वर जोर होता. समितीला चूक कळलेली दिसते.

३० ऑगस्ट

सभा. माझ्या कल्पना अकरा होत्या. चौथीपर्यंत पोचले तेवढ्यात सूर्यभानने चहा फिरवायला घेतला. हा कट आहे. तरी दोन मान्य करून घेतल्या: (१) पोरांनी खिचडी चमच्याने खायची. (२) १४ नोव्हेंबरला बालदिन, संपूर्ण इंग्लिशमध्ये.

बाकीच्यांच्या कल्पना म्हणजे नळ, रंग आणि कंपाउंड. मग खिचडी शिजवणारी सरजाबाई उठली. तिचा मुलगा-सून दरवर्षी ऊसतोडीला जातात. म्हणाली, "रंग काय बी द्या. दिवाळी झाली की पोरं आयबापासंगं उसाला जातेत. मंग भिंती काय शेरडांला दावायच्या? पोरं गावातच ठेवा की. आमी म्हाताऱ्या भाकरी घालतो. निजायला जागा पायजे, आन् जरा वचक असलेलं मानूस."

मग एकेक जण खिडकीतून रस्त्यापलीकडे माझ्या घराकडे पाहू लागला. सहा खोल्या आणि पुढे मोठी ओसरी. नुकताच रंग दिला आहे, पाहणारच. सूर्यभानने विचारलं, "काकू, एकट्याच ऱ्हाता न्हाई का तुमी तिथं?" मी सांगितलं की मला एकांत आवडतो. आणि विषय पुन्हा चमच्यांवर आणला.

१२ सप्टेंबर

परभणीहून पाच डझन स्टीलचे चमचे आणले. पहिल्याच दिवशी पोरांनी ताटल्या उलट्या करून बँड सुरू केला. सरजाबाई ओरडली, "बाई, खिचडी गार व्हायलीय! आधी वरात काढायची का जेवायचं?"

मी पोरांना सांगितलं, कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एक शब्द न बोलता जेवायचो. तिसरीतली अर्पिता, सरजाबाईची नात, म्हणाली, "मंग बोलत कवा व्हता?"

उद्धट मुलगी. घरी येईपर्यंत उत्तर शोधत होते.

२५ सप्टेंबर

प्रॅक्टिस जोरात. वेलकम साँग मी स्वतः लिहिलं आहे. प्रमुख पाहुणी ठरली: डोरीन, माझी कॉन्व्हेंटची मैत्रीण. रेल्वेने हैदराबादहून येणार. तिला फोनवर सांगितलं, इथे शाळेचं सगळं माझ्याच सल्ल्याने चालतं. लवकरच खरं होईल.

आदिनाथ सर चाचरत म्हणाले, मॅडम, कार्यक्रम सप्टेंबरातच उरकला तर? दिवाळीनंतर मुलं पटावर असतात, वर्गात नसतात. मी म्हटलं, बालदिन सप्टेंबरात घेणारा देश मी पाहिलेला नाही. या माणसाला प्लॅनिंग म्हणून नाही. ऊसतोडीला माणसं जातात हे मलाही माहीत आहे. मुलांचा काय संबंध? मी मुलांना तारीख सांगितली आहे. सगळी एका सुरात "येस मॅडम" म्हणाली.

१५ ऑक्टोबर

दिवाळीला पुण्याला, मुलाकडे. महिनाभर चेंज.

२६ ऑक्टोबर, पुणे

घर फार शांत. मुलगा लॅपटॉपमध्ये, सून मोबाइलमध्ये, नातू कानात काहीतरी घालून. एकांत मला आवडतो, पण एकांतालाही शिस्त हवी.

१४ नोव्हेंबर. सकाळी ११

बालदिन. हजर मुलं सात. त्यातली दोन अंगणवाडीतली, एक सूर्यभानचा पुतण्या, तोही बिस्किटाच्या बोलीवर आलेला. चमचे साठ. वेलकम साँग आठ जणांचं होतं. आठवा आवाज मी दिला.

डोरीन हार घालून मैदानात उभी. इकडेतिकडे पाहत म्हणाली, व्हेअर इज द स्कूल, विजया? मी म्हटलं, यू आर स्टँडिंग इन इट.

नंतर ती चुलीजवळ सरजाबाईशेजारी मांडी घालून बसली आणि हाताने खिचडी खाल्ली. दोनदा घेतली. सरजाबाईने तिला विचारलं, "तुमी दोघी एकाच शाळंत व्हता? मंग हसायचा तास आमच्या बाईचाच कामून बुडाला?" मला भाषांतर करून सांगावं लागलं. मी थोडं बदलून सांगितलं.

आदिनाथ सरांना जाब विचारला. म्हणाले, मॅडम, सांगितलं होतं. मी म्हटलं, सांगायची एक पद्धत असते.

१७ नोव्हेंबर

संकल्प: शाळेशी संबंध संपला. आता वाचन, योगासनं, बिनसाखरेचा चहा.

१९ नोव्हेंबर

शाळेवरून तीनदा गेले. रस्ता तोच आहे, काय करणार. मैदानात एक शेळी. दुपारी ताटल्या वाजल्याचा भास झाला. माझाच नळ भांड्यात गळत होता. चहात साखर घातली.

२८ नोव्हेंबर

समितीची सभा. निमंत्रण नव्हतं, म्हणून वेळेआधी गेले. एक अगदी नवी, स्वतंत्र कल्पना मांडली: आईबाप ऊसतोडीला गेले तरी मुलं गावातच ठेवावीत, आज्यांनी जेवण द्यावं, निजायला जागा आणि शिस्तीचं माणूस शोधावं. आंघोळ करताना सुचली. कल्पना एकमताने मंजूर! टाळ्या! सरजाबाईने तर कपाळाला हात लावला. म्हणाली, "बाई, कसं काय सुचतंय वो तुमाला!" बाई अडाणी असली तरी मोकळ्या मनाची आहे.

सूर्यभानने फक्त एवढंच विचारलं, "आन् जागा?" मी म्हटलं, तपशील समितीने पाहावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुन्हा खिडकीतून बाहेर पाहत होते. माझ्या घराच्या रंगाचं नाव कोणीतरी विचारेल असं वाटलं. विचारलं नाही.

२ डिसेंबर. संध्याकाळी ६.१५

मानवतचा बाजार करून आले, तर दारात टेम्पो. ओसरीवर उसाच्या फडावरून परत आणलेली चौदा मुलं, चौदा वाकळा आणि ती शेळी. सूर्यभान वाकळा उतरवत होता. म्हणाला, "काकू, तुमचीच आयड्या. समितीनं फकस्त तपशील पायला."

उद्या सकाळपर्यंत जागा रिकामी करायची ताकीद दिली. शेळी आत्ताच्या आत्ता.

३ डिसेंबर

कोणी हललं नाही. समितीतलं कोणी फोन उचलत नाही. वचक पूर्ण आहे: मी "सायलेन्स!" म्हटलं की सगळी मिळून "सायलेन्स!" म्हणतात.

५ डिसेंबर

समितीकडे कडक तक्रार दिली. 'असह्य' हा शब्द चारदा वापरला. अर्पिता माझ्या खुर्चीत बसते. कोणीतरी माझा चष्मा शेळीला लावून पाहिला. आणि उवा! चौदा डोकी. आज पाच विंचरून झाली.

७ डिसेंबर

नऊ झाली. वेलकम साँग फडावरही म्हणत होते म्हणे. दुसरी ओळ चुकीची म्हणतात. उद्यापासून रोज प्रॅक्टिस.

९ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ८.१०

वेळ लिहून ठेवते. सूर्यभान आला, हात जोडले. म्हणाला, "काकू, लय तरास झाला तुमाला. तक्रार मान्य. शुक्रवारी पोरं समाजमंदिरात हलवायचा ठराव झाला." एकमताने, अर्थातच.

मी समितीला खालील गोष्टींचा जाब विचारणार आहे:

कोणाला विचारून? तक्रारीत 'असह्य' लिहिलं होतं. 'न्या' कुठे लिहिलं होतं? समाजमंदिराच्या दाराला कडी नाही, रात्री पोरं कुठे गेली तर? पाच डोकी अजून बाकी आहेत, ती कोण करणार, शिक्षणप्रेमी सदस्य? शेळीने माझी तुळस खाल्ली आहे. भरपाई म्हणून ती इथेच राहील आणि पोरांशिवाय ती चारा खात नाही.

उत्तर गुरुवार, ११ डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत पोचावं. अन्यथा शुक्रवारी दार उघडणार नाही. उत्तर लेखीच हवं. तोंडी चालणार नाही, कारण पाचनंतर ताटल्यांवर चमचे सुरू होतात आणि या घरात कोणाचं काही ऐकू येत नाही.