गरम पाणी आणि मीठ लावलेली मिरची

सानपाडा गाव,
८ मार्च २०२५

चि. हरेश,

आईचे खूप खूप आशीर्वाद. तू बरा असशील, वेळेवर जेवत असशील, असं धरून चालते. इकडे सगळे ठीक आहेत. बाबांचं बीपी गोळीवर आहे. सोसायटीची लिफ्ट परत बंद पडली, चार मजले चढून माझ्या गुडघ्यांची वाट लागलीय. उन्नतीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. चौदा मे, मांडव आपल्या बिल्डिंगच्या खालीच.

तू एकवीस दिवस फोन घेत नाहीस. मेसेज बघतोस, दोन निळ्या रेघा येतात, पुढे काही नाही. उन्नती म्हणाली, "आई, तू पत्र लिही. पत्र तो टाकून देणार नाय." जुईनगरचा आकाश सोमवारी तुझ्या जहाजावर चढतोय, त्याच्या हाती देते. सोबत सुक्या बोंबलाची चटणी आहे. जहाजावर चालत नसेल तर त्यालाच खायला सांग.

नववीनंतर मी एवढं कधी लिहिलं नाही. चुकलं तर हस.

गोव्याला गेलो त्या सहलीचं काय सांगू? तू म्हणशील, सांगायचं काय, मी तिथेच होतो. होतास रे. तेच तर सांगायचंय.

जानेवारीत व्याह्यांचा फोन आला होता. अरविंदराव म्हणाले, लग्नाआधी दोन्ही घरची मोठी माणसं पाच दिवस एकत्र राहू या, क्रूझचं बुकिंग मी करतो. तुझ्याच जहाजाचं नाव ऐकलं आणि मी नाचायचीच बाकी राहिले. लगेच तुला फोन लावला. तू केवढा खूश झालास! मला सगळं समजावलंस, की एजंट फॉर्म पाठवेल, त्यात जेवणाचं विचारतील, फिक्स्ड की फ्लेक्झिबल. फिक्स्ड म्हणजे रोज तीच वेळ, तेच टेबल आणि तोच वेटर. दुसऱ्या दिवशी त्याला पाठ असतं कुणाला साखर नको, कुणाला तिखट हवं. फ्लेक्झिबल म्हणजे कधीही या, कुठेही बसा, रोज नवीन माणूस वाढणार. "आई, डोळे मिटून फिक्स्ड टाक," म्हणालास. "मी हेड वेटरला सांगून तुमचं टेबल माझ्याकडे घेतो. आयुष्यभर तू वाढलंस, आता पाच दिवस बस आणि मी वाढतो."

मग मी तुला कळवलं की फिक्स्ड फुल झालं.

हरेश, फिक्स्ड फुल झालं नव्हतं.

मला वाटलं होतं हे पत्राच्या शेवटी लिहीन, बोंबलाच्या चटणीसारखं हळूच सरकवीन. पण हात थांबत नाही, तर आत्ताच लिहिते. फॉर्म माझ्या मोबाईलवर आला होता. विहीणबाई म्हणाल्या होत्या, "संध्याताई, फिक्स्डच टाका हं, रोज चौघं एका टेबलावर बसू." मी त्यांना सांगितलं, मला ॲसिडिटी आहे, ठरल्या वेळेला जेवायला जमत नाही. आणि चौघांच्या नावापुढे फ्लेक्झिबलवर बोट दाबलं. बोट माझं होतं. बाबांनी हात धरून दाबलं नाही.

त्यांनी काय केलं ते पण ऐक. सुपारी फुटली त्या दिवशी अरविंदरावांनी विचारलं, मुलगा काय करतो? बाबा म्हणाले, मर्चंट नेव्हीत ऑफिसर आहे, मालाच्या जहाजावर, तिकडे ब्राझीलला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. माझ्या कानांनी ऐकलं आणि ट्रे पुढे केला. गावात ते तीन वर्षं हेच सांगतायत, हे तुला ठाऊक नव्हतं. मला होतं.

त्या फॉर्मच्या दिवशी बाबा म्हणाले, पोरानं व्याह्यांसमोर वाढायचं नाही, तेव्हा मात्र मी भांडले. म्हटलं, "लाज कसली? गावच्या पंगतीत तुमी वरनाची बादली घेऊन धावायचात. अख्खा गाव बोलायचा, कमळाकरसारखा आग्रह कुनी करीत नाय. तवा मान होता ना? मंग पोरगा वाढतो तर नाक कापलं जातं?"

"ते आपल्या मानसांना वाढनं," बाबा म्हणाले. "आनि लगीन मोडलं ना, तर तू निस्तर."

एवढं एकच वाक्य पुरलं मला. माझी अक्कल तेवढीच.

पहिल्या दिवशी संध्याकाळी लिफ्टपाशी तू समोरून आलास. काळं जाकीट, छातीवर बिल्ला, भांग नीट पाडलेला. काय रुबाबदार दिसत होतास! मला बघून तुझं तोंड असं फुललं, आणि मी मान हलवली. नको, म्हणून. माझ्या शेजारी विहीणबाई होत्या. तू जागच्या जागी थांबलास, एकदा बाबांकडे बघितलंस, आणि म्हणालास, "गुड इव्हिनिंग, मॅडम." मॅडम! मी पण गुड इव्हिनिंग म्हटलं. केबिनमध्ये जाऊन नळ सोडून रडले. बाबा बाहेरून विचारतात, "किती वेळ आंघोळ?"

मग चार दिवस तोच तमाशा. जेवणाच्या हॉलच्या दारात ती मुलगी टॅबवर बघून टेबल द्यायची, आणि मी आपल्या गावदेवीला हात जोडायची, लांबचं दे गं बाई, लांबचं दे. आईनं देवीकडे काय मागावं? आपलं लेकरू लांब असू दे! देवी पण कशी, चार दिवस ऐकत राहिली. रोज नवीन वेटर. एकानं मला बर्फाचं पाणी दिलं, दुसऱ्यानं तेच, तिसऱ्यानं तेच. हॉलच्या दुसऱ्या टोकाला तू एका गुजराती आजीला वाकून काहीतरी समजावत होतास आणि ती तुझ्या गालावरून हात फिरवत होती. तिचं फिक्स्ड होतं वाटतं. मला त्या म्हातारीचा असा राग आला, की सांगता सोय नाही.

शेवटच्या दिवशी हॉल गच्च भरलेला. त्या मुलीनं आम्हाला तुझं टेबल दिलं. बाबा म्हणाले, दुसरं द्या. ती म्हणाली, पाऊण तास थांबावं लागेल. अरविंदराव म्हणाले, "अहो, चला ना, काय फरक पडतो?"

पुढचं तुला माहीत आहे. तरी मी लिहिणार आहे, कारण तू एकट्यानं ते आठवत बसू नयेस.

अरविंदरावांनी तुझा बिल्ला वाचला. "हरेश! मराठी का रे? कुठला?" तू म्हणालास, "नवी मुंबई, सर." विहीणबाई लगेच, "अगोबाई, कमळाकरराव, तुमच्या मुलाचं पण नाव हेच ना?"

आणि बाबा हसले. म्हणाले, "हरेश काय, पैशाला पासरी मिळतात." मग तुझ्याकडे न बघता, हिंदीत, "बेटा, पानी लाना."

मी तिथे होते, हरेश. टेबलापासून तू हातभर लांब होतास. मला उठता आलं असतं. "हा माझा पोरगा हाय," एवढंच तर बोलायचं होतं. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी अर्धा तास भांडणारी मी, माझी वाचा कुठे गेली? मी नॅपकिनची घडी मोडली आणि परत घातली.

तू पाणी आणलंस. तिघांपुढे थंड ठेवलंस. माझ्यापुढे गरम, वाफ येणारं. बाजूला बशीत हिरवी मिरची, मधोमध चिरून मीठ लावलेली. पुढे सगळं जेवण वाढलंस, ताटं उचललीस, "हॅव अ गुड नाईट" म्हणालास. बाबांनी निघताना तो अभिप्रायाचा कागद भरला. सर्व्हिस कशी होती? उत्तम, उत्तम, उत्तम. तीन ठिकाणी खूण केली. त्यांना वाटलं, हिशेब फिटला.

मी ती मिरची खाल्ली नाही. रुमालात बांधून आणली. हसू नको, फ्रिजमध्ये होती, काळी पडली, परवा टाकली.

परवा का, ते सांगते. परवा विहीणबाई साड्या ठरवायला आल्या. जेवायला बसलो. मी माझं नेहमीचं गरम पाणी घेतलं, मिरचीला मीठ लावलं. त्यांनी घास हातात धरला आणि विचारलं, "हे तुमचं रोजचं?"

"हो, लग्नाआधीपासून."

"मग त्या मुलाला कसं कळलं?"

मी त्यांच्या ताटात भात वाढायला लागले.

"चार दिवस वेगवेगळ्या वेटरनी वाढलं, एकालाही कळलं नाही. पाचव्या दिवशी पहिल्यांदाच वाढायला आलेला पोरगा न विचारता तुमच्यापुढे गरम पाणी ठेवतो? संध्याताई, मी पण आई आहे. मला तिथेच कळलं. वाटलं, आता तुम्ही बोलाल, आता बोलाल. तुम्ही स्वीट डिश संपवलीत."

मी म्हटलं, "आम्हाला वाटलं, वेटर म्हटलं तर तुम्ही..."

"आमचा मुलगा आठ महिने नोकरीशिवाय घरी बसला होता, ते आम्ही सुपारीच्या आधी तुम्हाला सांगितलं की नाही? लग्न होईल. उन्नतीचा काय दोष? पण त्या टेबलावर तुम्ही पोटच्या पोराला ओळख दिली नाहीत, हे मी विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाही."

ताट तसंच ठेवून त्या हात धुवायला उठल्या.

म्हणजे बघ. ज्यांच्यापासून लपवायला तुला पायदळी तुडवलं, त्यांना सगळं माहीत होतं. आम्ही तेवढे उघडे पडलो.

मी बाबांना सांगितलं. मला वाटलं, हा माणूस आता तरी खाली बसेल, डोकं धरेल. ते म्हणाले, "कललंच हाय ना त्यांना? मंग बरंच झालं. आता बोलव त्याला. कानपिळीला सख्खा भाऊ असला की शोभा येते." शोभा! आधी नवऱ्याचा कान पिळायचा तुझा मान धनेशला दिला होता, चुलतभाऊ म्हणून. आता लपवायचं काही उरलं नाही, तर तू चालतोस. यांच्यासाठी पोरगा पण फ्लेक्झिबल.

त्यांनी सांगितलं म्हणून मी तुला बोलावणार नाही. हे पत्र त्यासाठी नाही. तुझा करार एप्रिलअखेर संपतो, मला तारीख पाठ आहे. यायचं की परस्पर दुसऱ्या जहाजावर चढायचं, ते तू बघ. आलास तर मी दारात उभी असेन. नाही आलास तर तुला बोल लावायचं माझं तोंड नाही.

पण एक मी ठरवलंय आणि बाबांना तोंडावर सांगितलंय. धनेश कानपिळीला उभा राहणार नाही. तू नसलास तर ती जागा रिकामी राहील. भर मांडवात लोक विचारतील, मुलीचा भाऊ कुठाय? तेव्हा मी बाबांना बोलू देणार नाही. मी सांगेन, माइक हातात घेऊन सांगेन, की माझा हरेश जहाजावर वेटर हाय, आणि त्याच्या आई-बापानं त्याला ओळख दिली नाय, म्हणून तो आला नाय.

बाबा म्हणाले, "तुला वेड लागलंय." लागू दे. उशिरा लागलं, एवढंच वाईट वाटतं.

मिरची कोवळी होती रे. आठवणीनं बिया काढल्या होत्यास, माझ्या पोटाला सोसत नाहीत म्हणून.

तुझ्या टेबलावर बसून जेवलेली,
आणि तोंड न उघडलेली,
तुझी आई